वाकडा बगळा

आर्डिसला चमचा हवा होता. तिनं ड्रॉवर ओढला आणि ड्रॉवरची फक्त पुढची फळी तिच्या हातात आली. बाकीचा ड्रॉवर सुऱ्या-चमच्यांसकट जागच्या जागी उघडाबोडका बसून राहिला. फळी हातात धरून ती नवऱ्याकडे बघत राहिली. ट्रेलर, म्हणजे ट्रकमागं ओढायचं ते चाकांवरचं घर, दारात येऊन उभा राहिल्याला अजून तासही झाला नव्हता.

"एवढं काय त्यात," डेल्मर म्हणाला. "दोन स्क्रू मारले की झालं."

स्क्रू मारायला तो खाली वाकला तेव्हा त्याला कळलं, की ती फळी मुळात स्क्रूनं बसवलेलीच नव्हती. कागद टाचतात तशा पिनांनी टाचली होती. त्यानं स्क्रू मारला तर तो आरपार गेला, कारण मागं लाकूड नव्हतं. लाकडाचा रंग दिलेला पुठ्ठा होता. मग त्यानं हात धुवायला नळ सोडला आणि पाणी नळातून येण्याऐवजी ओट्याखालून आलं. मोरीचं पाणी जायला भोक होतं, भोकाला जाळी होती, फक्त जाळीच्या खाली पाइप जोडायचा कुणाला तरी राहून गेला होता. ते सगळं पाणी लाकडी जमिनीत मुरलं आणि संध्याकाळपर्यंत ती पुरीसारखी फुगली.

हा ट्रेलर नवा कोरा होता हे लक्षात ठेवायचं. जुना, कुणी वापरून टाकलेला असता तर माणूस नशिबाला बोल लावतो. नव्या वस्तूनं दगा दिला की बोल लावायला समोर एक माणूस असतो, आणि तो माणूस दुकानात टाय लावून हसत उभा असतो. डेल्मर त्याच्याकडे गेला. तो माणूस हसला, त्यानं डेल्मरच्या खांद्यावर हात ठेवला, ट्रेलर आणून ठेवा म्हणाला, ऑक्टोबरात बघू.

ऑक्टोबर हा शब्द डेल्मरला छातीत टोचल्यासारखा लागला. त्याचं कारण होतं.

डेल्मर विगिन्सनं ओहायोतल्या खेड्यापाड्यांच्या रस्त्यांवर आयुष्यभर टपाल वाटलं होतं. गाडीचं चाक डावीकडे आणि पेट्या उजवीकडे, म्हणून उजव्या बाजूला बसायचं, डावा पाय लांब करून ब्रेकवर ठेवायचा आणि पेट्यांमागून पेट्यांत पत्रं टाकत जायचं. निवृत्त झाला तरी त्याचे पाय निवृत्त झाले नाहीत. नाश्ता करताना तो तीनदा उठे. सिनेमा बघताना दाराशी उभा राही. घरापासून टपालपेटीपर्यंत दिवसातून इतक्या वेळा जाऊन येई, की हिरवळीत वाट पडली होती. ट्रेलर घ्यायचा आणि देशभर हिंडायचं, हे त्याचं खूळ होतं. आर्डिसचं नव्हतं. तिची बहीण लुएला शहरातल्या म्हाताऱ्यांच्या वसाहतीत राहत होती. तिथं जाड गालिचे होते, दर गुरुवारी हाउजी होती, आणि संध्याकाळच्या जेवणाची घंटा दुपारीच वाजे. लुएलाच्या शेजारचा फ्लॅट रिकामा होता. डेल्मरनं तो एकदा पाहिला होता आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पावलं टाकून पाहिली होती. पावलं लगेच संपली.

तेव्हा नवरा-बायकोत ठरलं ते असं. आर्डिस म्हणाली, "सप्टेंबरातल्या लेबर डेच्या आदल्या दिवशी, रविवारी, सूर्य मावळायच्या आत हा ट्रेलर सुपीरियर सरोवराच्या काठावर उभा दिसला, तर घर विकू आणि तू म्हणशील तिथं फिरू. नाही दिसला, तर सोमवारी सकाळी लुएलाला होकार कळवायचा. मंजूर?" डेल्मरनं तिच्याशी रीतसर हात मिळवला होता. ओहायोतून ते सरोवर म्हणजे दोन दिवसांचा निवांत रस्ता. ऑगस्टअखेरपर्यंतचा तिकडचा पूर्ण उन्हाळा हातात होता. यात हरण्यासारखं काय होतं?

ऑक्टोबर ऐकल्यावर तो दुकानातून तडक घरी आला आणि आर्डिसला घेऊन, ट्रक ट्रेलरला जोडून शेजारच्या इंडियाना राज्याच्या उत्तरेला निघाला. जिथं हा ट्रेलर जन्मला, त्या कारखान्यात.

कारखान्याच्या मागं खडी टाकलेलं एक मोठं आवार होतं. तिथं ओळीनं खांब होते, खांबाला वीज, खांबाशेजारी पाण्याचा नळ. दुरुस्तीला आलेले लोक आपापला ट्रेलर खांबाला लावून नंबरची वाट बघत तिथंच राहायचे. कंपनी त्याला 'ग्राहक सेवा' म्हणायची. मी त्याला निर्वासितांची छावणी म्हणेन, फरक एवढाच की इथं निर्वासितांनी आपापल्या तंबूचे हप्ते भरलेले असतात. पहाटे अंधारात एक छोटा पिवळा ट्रॅक्टर यायचा आणि ज्याचा नंबर लागला त्याचा ट्रेलर ओढून शेडमध्ये न्यायचा. ट्रेलरच्या आतला माणूस कधी कधी बूट न घालता मोज्यांवरच असायचा. नंबर हुकू नये म्हणून कुणी तक्रार करत नसे. उलट ट्रेलर हलला की माणसं अंथरुणात देवाचे आभार मानायची.

कारखान्याचं काम चालायचं ठेक्यावर. दिवसाचे अमुक ट्रेलर बांधून झाले की घरी जायचं. त्यामुळं तिथं कुणी चालत नसे, सगळे धावत. हातात पिनांची बंदूक घेऊन धावणारा माणूस मागं लाकूड आहे की पुठ्ठा हे बघायला थांबत नाही. दुपारी शिट्टी झाली की पाच मिनिटांत सगळं चिडीचूप. धावपळीचा पैसा मालकाला, अर्धा दिवस कामगाराला आणि पाइप नसलेली मोरी डेल्मरला, अशी ती रास्त वाटणी होती.

डेल्मरच्या वाट्याला दुरुस्तीला आला तो मेनो. मेनो आमिश होता, यंत्रं टाळणाऱ्या जुन्या ख्रिस्ती पंथातला. गवती हॅट, मिशीशिवाय दाढी, पँटला गॅलस. घरी वीज नाही, मोटार नाही, कामाला सायकलवर येई. चाकांवरची घरं बांधण्यात त्याची हयात गेली होती आणि तो स्वतः जिल्ह्याबाहेर गेला नव्हता.

"आमची घरं आम्ही हलणार नाहीत अशी बांधतो," तो एकदा डेल्मरला म्हणाला. "तुम्हाला हलणारी पाहिजेत."

"मग हलणारं तरी धड बांध की, बाबा."

मेनोनं हॅट सारखी केली. "धड बांधायला बसलो तर दुपारी घरी कसं जाणार? माझी वैरण कोण कापणार?"

माणूस खोटं बोलला तर भांडता येतं. हा खरं बोलत होता.

मेनोनं मोरीला पाइप जोडला. तो जोडताना जमिनीच्या फळ्या उचलल्या तर खाली वायर उंदराच्या शेपटीसारखी लोंबताना सापडली. वायर बांधायला भिंतीचा पत्रा काढला तर भिंतीत पाणी. भिंतीत पाणी कुठून आलं म्हणून वर बघितलं तर छपराच्या हवेच्या झडपेला चारी बाजूंनी फटी बुजवायचं लुकण हवं, ते तीनच बाजूंना. चौथ्या बाजूपर्यंत शिट्टी झाली असणार. आणि सुऱ्या-चमच्यांचा तो ड्रॉवर. मेनो दर वेळी त्याची फळी बसवी, दोन्ही हातांनी हलवून बघे, मान डोलावे, आणि दुसऱ्या दिवशी आर्डिस चमचा घ्यायला गेली की फळी हातात. पुढं पुढं ती फळी न बघताच ओट्यावर ठेवून चमचा घेऊ लागली.

गंमत अशी की आर्डिसला ते आवार मानवलं. शेजारच्या खांबाला थर्मन आणि नेड्रा गॅस्किल हे केंटकीचं जोडपं होतं. त्यांचा ट्रेलरही अगदी हाच, 'हॅपी हेरन', म्हणजे आनंदी बगळा, रंगाचासुद्धा फरक नाही. नेड्रानं तीस वर्षं शाळेची बस चालवली होती, त्यामुळं तिचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचायचा. थर्मनला तो आवाजही कधी कधी ऐकू येत नसे. कानातलं यंत्र काढलं की त्याच्या उशाशी गोठा पेटला तरी तो घोरत राहायचा. आर्डिस आणि हे दोघं रोज संध्याकाळी यूकर नावाचा पत्त्यांचा खेळ खेळत. यूकरला चार माणसं लागतात. चौथा म्हणून डेल्मरला बोलवून बोलवून ते थकले. तो यायचा, पत्ते उचलायचा, डाव संपायच्या आत उठून कुंपणाशी जायचा. शेवटी चौथ्या खुर्चीवर पत्ते उलटे मांडून ते खेळायला लागले.

"खुर्ची तुझ्यापेक्षा बरी खेळते," नेड्रा म्हणायची. "निदान बसते तरी."

आर्डिसनं बादलीत टोमॅटो लावले. त्यांना फळं आली. डेल्मर त्या बादलीकडे पाठ करून चालू लागला. रिकाम्या हातांनी तो रोज आवाराला फेऱ्या मारी, जशी काही टपालाची लाइन. कुणाची बाहेर सरकवायची भिंत अडकली, कुणाचं दार स्वतःहून उघडतं, कुणाच्या दिव्यात पाणी भरून आत मासा सोडण्याजोगं झालं, सगळं त्याला पाठ झालं. ऑगस्ट सरत आला. आर्डिस लुएलाशी फोनवर बोलताना पडद्यांचा रंग विचारू लागली होती.

इथं दोन गोष्टी सांगून ठेवतो, त्या पुढं लागतील. या ट्रेलरांच्या कुलपांत कंपनी फार डोकं घालत नाही. सगळ्यांना जवळजवळ एकच किल्ली. आवारात कुणाचीही किल्ली कुणाच्याही दाराला लागायची आणि लोक त्यावर हसायचे. दुसरी गोष्ट बगळ्याची. कंपनीचं चिन्ह बगळा. ट्रेलरच्या अंगावर माणसाएवढा निळा बगळा चिकटवलेला असतो, एका पायावर उभा, नजर दूर क्षितिजाकडे. डेल्मरच्या ट्रेलरवर चिकटवणाऱ्यानं तो धावता धावता चिकटवला होता. बगळा पुढं कलला होता, आता तोंडावर आपटणार असा. सरळ उभ्या बगळ्यांच्या गर्दीत डेल्मरला आपला ट्रेलर लांबूनच ओळखू यायचा. थर्मनचा बगळाही तस्साच पडत होता. दोन्ही एकाच सकाळी एकाच घाईत जन्मले असणार. पण थर्मनचा ट्रेलर कायम पलीकडच्या खांबाला, त्यामुळं घोटाळा व्हायचा प्रश्न नव्हता.

मुदतीच्या आदल्या दिवशीचा शनिवार उजाडला. ट्रॅक्टर एकामागून एक दोन्ही ट्रेलर शेडमध्ये घेऊन गेला. दुपारी शिट्टीच्या आधी मेनो हॅटनं वारा घेत बाहेर आला.

"झालं," तो म्हणाला. "सगळंच."

"ड्रॉवर?"

"ड्रॉवरसुद्धा. मागं खरं लाकूड घातलंय, घरून आणलेलं. छताला आणि खाली ताजं लुकण भरलंय. आज रात्री हलवू नका आणि उद्या दुपारपर्यंत दार उघडू नका, सुकू दे. ट्रॅक्टरवाला आणून लावेल." मग सायकलवर टांग टाकता टाकता तो म्हणाला, "वेळ उरला म्हणून तुमच्यासाठी आणखी एक गोष्ट केलीय. उजेडात बघा."

मेनोची बायको पीचची गोड पेस्ट्री करून विकायची. डेल्मरला वाटलं, तेच काहीतरी आत ठेवलं असेल. दार उद्याच उघडायचं होतं. त्यानं विचार सोडून दिला. त्याच्या डोक्यात फक्त रस्ता होता.

थर्मनच्या ट्रेलरला मात्र हातही लागला नव्हता. त्याच्या पाण्याच्या टाकीला खालून खडखड आवाज येतो, एवढीच त्याची तक्रार, पण तोवर शिट्टी झाली. आता सुट्टीनंतर, मंगळवारी. थर्मन म्हणाला, मंगळवार काय वाईट आहे. ट्रॅक्टरवाल्यालाही घरची घाई होती. त्यानं दोन्ही ट्रेलर आणून लावले आणि लावताना खांब अदलाबदल केले. थर्मन आपला पडका बगळा बघून आत शिरला, वीज जोडली आणि निजला. कोणत्या खांबाला आपण आहोत हे बघायची त्याची रीत नव्हती. विगिन्स मंडळी कारखान्याच्या प्रतीक्षागृहात लांब होणाऱ्या खुर्च्यांवर झोपली, आणि आर्डिसला सोबत म्हणून नेड्राही तिथंच पत्ते खेळता खेळता आडवी झाली.

रविवारी पहाटे धुकं होतं. डेल्मर बॅटरी घेऊन आपल्या खांबाशी गेला. बॅटरीच्या उजेडात बगळा तोंडावर पडत होता. आपला. किल्ली घालून बघितली, फिरली. वीज जोडलेली दिसली तेव्हा त्याला मेनोचा चांगुलपणा आठवून भरून आलं. लुकण सुकायला आत पंखा लावून गेला असणार. त्यानं वायर काढली, ट्रक जोडला, चाकाखालचे ठोकळे काढले. आर्डिस उशी काखेत घेऊन झोपेतच ट्रकच्या मागच्या सीटवर येऊन पडली. फाटकातून बाहेर पडताना डेल्मरनं खिडकी खाली केली आणि उन्हाळ्यात पहिल्यांदा त्याचा डावा गुडघा हलायचा थांबला.

मिशिगनमध्ये शिरून बराच रस्ता कापल्यावर तो पेट्रोलला थांबला. मधे एक गोष्ट त्याला जाणवली होती. मागून पुढं जाणाऱ्या गाड्यांतली पोरं ट्रेलरकडे बघून हात हलवत होती. लोक चांगले आहेत, तो मनात म्हणाला. टाकी भरून त्यानं नळी जागेवर अडकवली, तेवढ्यात त्याच्या मागं ट्रेलरचं दार उघडलं. पायजमा घातलेला थर्मन हातात कॉफीचा कप घेऊन पायरीवर उभा राहिला. त्यानं पंप बघितला, हमरस्ता बघितला, डेल्मरला बघितलं.

"डेल्मर," तो म्हणाला, "शेड केवढ्या लांब नेलीय रे यांनी."

डेल्मरनं वळून बगळ्याकडे बघितलं.

"मला वाटलं, ट्रॅक्टर आला. म्हटलं चला, मंगळवारचा रविवारी नंबर लागला. मी आपला गप्प पडून राहिलो." थर्मननं कपाच्या तळाशी बघितलं. "मग पोरं हात करायला लागली. मीपण केला."

आर्डिस उठून बाहेर आली. तिनं थर्मनला सुप्रभात म्हटलं, ट्रेलरला एक फेरी मारली, दारातून आत डोकावून नेड्राची गोधडी पाहिली आणि बाहेर येऊन हाताची घडी घातली.

"हा ट्रेलर आपला नाही," ती म्हणाली.

"ते मला कळलंय."

"ठरलं होतं ते ट्रेलरचं ठरलं होतं. आपला ट्रेलर."

"आर्डिस, मी मुद्दाम केलंय का?"

"मी कुठं तसं म्हटलं? मी फक्त काय ठरलं होतं ते सांगितलं."

परत फिरलं तर दिवस गेला. डेल्मर पंपाभोवती फेऱ्या मारायला लागला. थर्मननं त्याच्याकडून फोन मागून घेतला आणि बायकोला लावला. नेड्राचा आवाज पंपावर सगळ्यांना ऐकू गेला. ती आवारात उठून बाहेर आली होती तेव्हा तिचा नवरा आणि घर दोन्ही जागेवर नव्हतं, आणि तिच्याच खांबाला दुसराच एक ट्रेलर उभा होता ज्याचा बगळा ताठ, सरळ, पलटणीतल्या शिपायासारखा क्षितिजाकडे बघत होता. मेनोची भेट ती. शिट्टीपूर्वी वेळ उरला म्हणून त्यानं गरम हवा मारून बगळा सोडवला होता आणि नीट चिकटवला होता. एवढं एकच काम त्यानं सावकाश केलं, आणि त्यानंच घात केला.

सगळं ऐकून घेतल्यावर नेड्रा हसली, तेव्हा थर्मननं फोन कानापासून लांब धरला. मग तिनं निकाल दिला. बस चालवलेल्या बाईला ट्रेलर ओढायला काय जड आहे. तिचा ट्रक तिथं होताच, किल्ली सगळ्यांना सगळ्यांची लागते. ती विगिन्सांचा ट्रेलर घेऊन वर येते, यांनी तिचा घेऊन पुढं जावं, आणि सरोवरावर गाठ घालून अदलाबदल करू. फक्त चर्च उरकल्याशिवाय ती निघणार नाही.

"आज एक दिवस चर्च नाही केलं तर—" डेल्मर म्हणाला.

"तुझ्यासाठीच जास्त प्रार्थना करायचीय," फोनमधून आवाज आला.

ते पुढं निघाले. आता डेल्मरचे दोन्ही गुडघे हलत होते. थर्मन पुढं त्याच्या शेजारी बसला आणि आपल्याला सुपीरियर बघायचंच होतं म्हणाला. मिशिगनचे दोन भाग जोडणाऱ्या मोठ्या पुलावर वारा होता. मधोमध आल्यावर मागं फाटकन काहीतरी वाजलं आणि आरशातून डेल्मरला छपराची झडप पुलाच्या कठड्यावरून पाण्यात जाताना दिसली, एखाद्या पक्ष्यासारखी. कंपनीच्या बगळ्यापेक्षा ती बरी उडत होती.

"ती माझ्या यादीत नव्हती," थर्मन म्हणाला.

पूल संपला, जंगल लागलं, आणि ज्याची यादीत नोंद होती ते घडलं. थर्मननं आदल्या रात्रीच सकाळच्या कॉफीसाठी टाकी काठोकाठ भरून घेतली होती आवारातून. भरलेली टाकी ज्या पट्टीवर टेकलेली, ती पट्टी ज्या स्क्रूंवर, ते स्क्रू ज्या लाकडात, ते लाकूड म्हणजे पुन्हा पुठ्ठाच. एका खड्ड्यात धाडकन आवाज झाला. टाकी अर्धी रस्त्यावर आणि अर्धी आसाखाली अडकली. पाणी ओढ्यासारखं डांबरावरून वाहत गेलं. ट्रेलर पुढं जाईना, मागं जाईना. उचलून नेणाऱ्या गाडीवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, आज रविवार, वर सुट्टी, जमलं तर संध्याकाळनंतर. थर्मन घर रस्त्यावर टाकून हलायला तयार नव्हता, आणि नुसता ट्रक घेऊन सरोवरावर पोचून डेल्मरचा काही फायदा नव्हता.

ऊन कलायला लागलं. आर्डिसनं ट्रेलरमधून तीन खुर्च्या आणि एक टेबल काढून गवतात मांडलं. डेल्मर रस्त्याच्या कडेनं वर जाई, खाली येई. एकदा टाकीला लाथ मारून बघितली, पाय दुखला. शेवटी तो टेबलाशी येऊन उभा राहिला आणि बायकोकडे न बघता त्यानं विचारलं, "त्या फ्लॅटच्या खिडक्या उघडतात का गं?"

आर्डिस पत्ते पिसत होती. तिचे हात थांबले. "थोड्या," ती म्हणाली. "सुरक्षेसाठी पूर्ण नाही उघडत."

तो मान हलवून पुन्हा रस्त्याकडे वळला. ती त्याच्या पाठीकडे बघत राहिली.

तेवढ्यात चढावरून एक ट्रक आला. मागं 'हॅपी हेरन'. चढत्या उन्हाळ्यात जसा बघायची स्वप्नं डेल्मरनं पाहिली होती तसा, काही न लोंबणारा, न गळणारा, न खडखडणारा. बगळा ताठ. नेड्रा वेग कमी करायला लागली, तसा डेल्मर दोन्ही हात हलवत रस्त्यात धावला.

"थांबू नको," तो ओरडला. "सूर्य जाईल. पुढं हो, बाई, पुढं हो."

नेड्रानं शाळेच्या बससारखा लांब हॉर्न दिला आणि ती निघून गेली. आयुष्यभर स्वप्न बघितलेली गोष्ट त्याला ओलांडून, त्याच्याशिवाय, वळणाआड गेली. थर्मननं त्याच्यासाठी खुर्ची सरकवली. डेल्मर बसला. पत्ते उचलले. जायला कुठंच नव्हतं, म्हणून तो डाव संपेपर्यंत बसला. यूकर तीन माणसांत बरं जमत नाही, पण चौथ्याचे पत्ते टेबलावर उलटे मांडून त्यांनी चालवून घेतलं.

फोन वाजला तेव्हा उन्हाची तांबडी तिरीप झाडांच्या बुंध्यांवर आली होती. नेड्रानं फोटो पाठवला होता. समोर पाणीच पाणी, सूर्य पाण्याच्या हातभर वर, आणि वाळूच्या काठावर ट्रेलर.

डेल्मरनं फोन बायकोपुढं धरला.

आर्डिसनं चष्मा लावून फोटो निरखला. "छान आहे," ती म्हणाली. "पण हा आपलाच कशावरून?"

"म्हणजे?"

"सरळ बगळ्याचे असे शेकड्यांनी आहेत. सुट्टीचा दिवस आहे, काठावर दहा उभे असतील. आपला तर मी वाकड्या बगळ्यावरून ओळखायची. आज पहाटे तूही तसाच ओळखलास."

"नेड्रा सांगतेय ना."

"नेड्रा तुझ्या बाजूची आहे. खूण दाखव."

डेल्मरनं नेड्राला फोन लावला. दार उघड, म्हणाला. मोरीत पाणी ओत. नेड्रानं ओतलं, पाणी मुकाट्यानं पाइपातून गेलं. दिवे लाव. लागले. जमिनीवर नाच. नेड्रा नाचली, जमीन हलली नाही. छपराखाली हात फिरव. कोरडं. डेल्मरच्या कपाळावर घाम आला. उन्हाळाभर ज्यानं एकेक खोट निघावी म्हणून मेनोचे पाय धरले, तो आता जंगलात उभा राहून एक, फक्त एक खोट शिल्लक असावी म्हणून देवाला आळवत होता. त्या दाढीवाल्यानं खरंच सगळं दुरुस्त केलं होतं. असल्या कंपनीत एक माणूस मन लावून काम करतो आणि तो नेमका आपल्या वाट्याला येतो.

"सूर्य टेकला पाण्याला," नेड्रा म्हणाली. "आणि ऐक, मला भूक लागलीय. तुमचं ते बीन्सचं डबडं खाल्लं तर चालेल ना? चमचे कुठं ठेवता?"

डेल्मर काही बोलायच्या आत फोनमधून ओढल्याचा आवाज आला, मग काहीतरी लाकडी कटकन सुटलं.

"डेल्मर," नेड्राचा आवाज प्रथमच हळू झाला होता. "मी नुसता हात लावला रे. ड्रॉवरची पुढची फळी माझ्या हातात आलीय."

डेल्मर खुर्चीत मटकन बसला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "आमचाच," तो म्हणाला. "आमचाच आहे. ठेव ती ओट्यावर, नेड्रा. तिची जागा तीच."

आर्डिसनं चष्मा काढून पुसला. फोटोतल्या बगळ्याकडे तिनं दुसऱ्यांदा बघितलं नाही. सोमवारी लुएलाला काय सांगायचं ते तिनं उन्हाळाभर मनात घोकलं होतं. तिनं नवऱ्याच्या हातून फोन घेतला आणि सोमवारची वाट न बघता बहिणीला लावला.

"लुएला," ती म्हणाली, "तो फ्लॅट दुसऱ्या कुणाला देऊन टाकायला सांग. नाही गं, बरे आहोत. रस्त्यावर बसलोय. घर पुढं पोचलंय, आम्ही मागून येतोय."